पाचवा महिना सरत आलाय, कार्ड नाही, आधारवर माहेरचं नाव: मातृवंदनेचे पैसे मिळतील का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई नाशिकला अंबडजवळ भाड्याच्या खोलीत राहतात. पहिलंच गरोदरपण, पाचवा महिना संपत आलाय, तपासणी खाजगी दवाखान्यात चालू आहे. माहेर सुरगाणा तालुक्यात, कोकणा समाज, आणि बाळंतपणाला तिकडेच जायचं ठरलंय. आधार कार्डावर अजून माहेरचंच नाव आहे. तिसऱ्या महिन्यापर्यंत त्या एका पॅकिंग युनिटमध्ये ठेकेदाराकडून कामाला होत्या, मग काम सुटलं. जाऊबाईही गरोदर आहेत, त्यांना पहिली मुलगी आहे, आणि दीर गवंडीकाम करतात. सरकारचे पैसे किती, ते कुठून मिळतात, आधी आधारवरचं नाव बदलून घेऊ का, आणि आलेले पैसे घरात द्यावे लागतील का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधारवरचं नाव आत्ता अजिबात बदलू नका. उद्या सकाळचं पहिलं काम कार्डाचं.

मी सव्वीस वर्षं आरोग्यसेविका होते. बराच काळ पेठ आणि दिंडोरीकडच्या उपकेंद्रांवर आणि शेवटची काही वर्षं एलएचव्ही म्हणून, म्हणजे आरोग्यसेविकांच्या कामावर देखरेख करणारी. इतक्या वर्षांत ज्या बायकांचे पैसे अडकलेले पाहिले, त्यांतल्या फार थोड्या अपात्र होत्या. बाकी सगळ्यांचं अडलं ते तारखेत, नावात, खात्यात, नाहीतर सासर-माहेरच्या मधल्या वाटेत. तुमच्या प्रश्नात या चारही गोष्टी आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

कार्ड म्हणजे माता बाल संरक्षण कार्ड. खाजगी डॉक्टरांची फाईल कितीही जाड असली तरी ती कार्डाची जागा घेत नाही. शहरात हे फार होतं. बाई महिन्याच्या महिन्याला तपासून येते, सोनोग्राफी होते, गोळ्या घेते, पण सरकारी नोंदीत ती गरोदरच नसते. तुमच्या भागातल्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जा किंवा वस्तीतल्या आशाताईंना गाठा. जाताना खाजगी फाईल घेऊन जा, म्हणजे आधीच्या तपासण्या सिस्टर कार्डावर चढवतील. नोंद झाली की तुम्हाला आरसीएच क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला तुमच्या गरोदरपणाचा क्रमांक, मिळेल. तो कार्डाच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या आणि मोबाईलमध्ये कार्डाचा फोटो काढून ठेवा. खाजगी डॉक्टर सोडा असं मी म्हणत नाही. दोन्हीकडे जाता येतं.

घाई कशाची ते सांगते. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, दोन हप्त्यांत. पहिला हप्ता ३,००० रुपयांचा. त्यासाठी गरोदरपणाची नोंदणी आणि निदान एक तपासणी शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत झालेली लागते. दुसरा २,००० रुपयांचा, बाळाच्या जन्माची नोंद झाल्यावर आणि लसींची पहिली फेरी पूर्ण झाल्यावर. पूर्वी, म्हणजे २०१७ पासून, हेच ५,००० रुपये तीन हप्त्यांत मिळायचे, म्हणून अजूनही कुणी तुम्हाला १,०००, २,०००, २,००० असं सांगेल. तो हिशेब जुना झाला. एप्रिल २०२२ पासून नवी पद्धत आहे. अर्जाची शेवटची मुदत पाळीच्या तारखेपासून ५७० दिवस, साधारण एकोणीस महिने आहे. ती ऐकून बायका निवांत होतात आणि सहा महिन्यांच्या आत तपासणी ही अट हातची जाते. तुमचा पाचवा संपत आलाय. म्हणजे हातात महिनाभर आहे असं धरा, त्याहून जास्त नाही.

आता तारखेचं. कार्डावरचं सगळं गणित शेवटच्या पाळीच्या तारखेवर उभं असतं. शहरातल्या मुली मोबाईलमध्ये पाहून तारीख सांगतात. पाड्यावर आम्ही सणावारावरून काढायचो. आखाजीच्या आधी की नंतर? पोळ्याला पाळी होती का? डोंगऱ्यादेवाच्या वेळी काय होतं? असं विचारत विचारत आठवड्यावर आणायचं आणि मग तारीख लिहायची. तुमची तारीख नक्की आठवत असेल तर तीच सांगा, आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवरची तारीख वेगळी दिसत असेल तर तेही सिस्टरना दाखवा. एक विनंती मात्र आहे. उशीर झालाय म्हणून फॉर्ममध्ये बसावी अशी तारीख पुढे ओढून लिहा असं कुणी सुचवलं, तर ऐकू नका. बाळंतपणाची अपेक्षित तारीख, धनुर्वाताची इंजेक्शनं, बाळाची वाढ बरोबर आहे का हे पाहणं, सगळं त्या एका तारखेवरून चालतं. दिवस उलटलेली बाई कागदावर अजून आठव्या महिन्यात आहे, असं मी पाहिलंय. तीन हजारांपायी तो धोका कुणी घेऊ नये.

नावाचं बघू. फॉर्ममधलं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. सासरचं नाव लावायलाच हवं असा कुठलाही नियम या योजनेत नाही. तुमच्या आधारवर माहेरचं नाव आहे, तर अर्जही त्याच नावाने भरा. नवऱ्याचं आधारही आता सक्तीचं राहिलेलं नाही. नाव बदलायला गेलात तर आधार एका नावाचं, बँक दुसऱ्या नावाची, कार्ड तिसऱ्या नावाचं अशी गत होते आणि मग सहा महिने निस्तरण्यात जातात. बाळ झाल्यावर, दुसरा हप्ता खात्यात पडल्यावर, काय नावं बदलायची ती सवडीने बदला.

याच नावाचं आणखी एक टोक असतं, ते बायकांच्या लक्षात येत नाही. कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात केसपेपर कोण काढतं? नवरा, भाऊ, नाहीतर शेजारीण. ते तोंडाला येईल ते नाव सांगतात. कुणी घरातलं लाडाचं नाव सांगतं, कुणी सासरचं. तेच नाव पुढे जन्मनोंदीत आईच्या रकान्यात उतरतं. मग बाळाच्या दाखल्यावर आई एक आणि आधारवर दुसरीच. म्हणून आठव्या महिन्यापासून कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत आधारची झेरॉक्स घालून ठेवा आणि बरोबर येणाऱ्या माणसाला सांगून ठेवा की नाव सांगायचं ते यात बघून.

खात्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण सगळ्यात जास्त रडणं मी याच्यावरून पाहिलंय.

पैसे तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या पासबुकात जातात असा सगळ्यांचा समज असतो. तसं होत नाही. पैसे तुमच्या आधार क्रमांकावर निघतात आणि तो क्रमांक ज्या बँकेशी सगळ्यात शेवटी जोडला गेला असेल, तिथे जाऊन पडतात. पेठ तालुक्यातली एक पोर द्राक्षाच्या छाटणीवरून घरी परतली होती. मी तिच्या ओट्यावर बसले होते. तिने तांदळाच्या कणगीतून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. इतकं जपलेलं की घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तपासण्या वेळेवर, अर्ज मंजूर, तरी तीन महिने ती पासबुक घेऊन बँकेत हेलपाटे मारत होती आणि दरवेळी पैसे आलेले नाहीत एवढंच ऐकून परत येत होती. मी विचारलं, मधल्या दिवसांत अंगठा कुठे लावलास? आधी नाही म्हणाली. मग आठवलं. आठवडे बाजारात छत्रीखाली बसलेल्या एका पोराकडून सिम घेतलं होतं, त्याने दोनदा अंगठा लावून घेतला होता. पहिला सिमसाठी. दुसऱ्या अंगठ्याने तिच्या नावाचं एक खातं उघडलं गेलं होतं आणि आधार तिकडे जोडलं गेलं होतं. पैसे त्या खात्यात तसेच पडून होते. सिम मात्र तोवर बंद पडलेलं, त्यामुळे मेसेज कुणालाच आलेला नव्हता. ते काढायला पुढे सात आठवडे गेले, आणि त्या सात आठवड्यांत तिचं बाळंतपणही होऊन गेलं. ज्या दिवसांत ते पैसे तिच्या ताटात यायला हवे होते, ते दिवस परत येणार नव्हते.

म्हणून अर्ज करण्याच्या आधी, नंतर नाही, तुमच्या बँकेत जाऊन विचारा, ‘माझं आधार डीबीटीसाठी याच खात्याला जोडलेलं आहे का?’ नुसतं ‘आधार लिंक आहे का’ असं विचारू नका. केवायसीला आधार दिलेलं असतं, तेवढ्यावर ते हो म्हणतात. डीबीटी, म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यात जमा होणं, हा शब्द वापरा. आधारच्या वेबसाइटवरही तुमचा क्रमांक कुठल्या बँकेला जोडलाय ते दिसतं, मोबाईलवर ओटीपी येतो. खातं तुमच्या एकटीच्या नावाचं हवं. खातंच नसेल तर पोस्टमनकाकांना विचारा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं ते अंगठ्यावर उघडून देतात आणि सुरगाण्याकडच्या पाड्यांवर बँकेची शाखा दूर असल्यामुळे तिथे ते सोयीचं पडतं. एकदा जोडणी पक्की झाली की दुसरा हप्ता येईपर्यंत कुठेही नवीन खातं उघडू नका, बाजारातलं सिम घेऊ नका.

आता सासर-माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत चांगली आहे. आईच्या हातचं खायला मिळतं, झोप मिळते. फक्त कागदांना दोन घरं कळत नाहीत. तुम्ही नोंदणी नाशिकला करा, पहिल्या हप्त्याचा अर्ज इथेच भरा. नोंदणीला चेहऱ्याची पडताळणी होते, त्यामुळे तुम्ही स्वतः हजर हव्यात. फोटो पाठवून काम होत नाही. माहेरी गेल्यावर दोन दिवसांत तिथल्या आशाताईंना आणि उपकेंद्राच्या सिस्टरना कार्ड दाखवा. त्यांना तुमचा आरसीएच क्रमांक द्या आणि नवीन कार्ड काढू नका असं स्पष्ट सांगा. दोन कार्डं झाली की एकाच बाईच्या दोन नोंदी होतात आणि संगणक दोन्ही अडवतो. जुन्याच कार्डावर पुढच्या तपासण्या आणि बाळाच्या लसी चढल्या पाहिजेत.

जन्माची नोंद जिथे बाळंतपण झालं तिथेच होते. सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात झालात तर तिकडे, कळवणला किंवा नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात हलवावं लागलं तर त्या ठिकाणी. २१ दिवसांच्या आत नोंद झालेली असली पाहिजे. नाव ठरायचंय, बारसं व्हायचंय म्हणून कुणी थांबू नये. नावाशिवाय जन्मनोंद होते, नाव नंतर घालता येतं. दाखल्याची प्रत हातात घेतल्याशिवाय ते गाव सोडू नका. नाशिकहून सुरगाणा नव्वदेक किलोमीटर आहे, आणि एका कागदासाठी ओली बाळंतीण नाहीतर तिचा रोजंदारीवरचा नवरा एसटीने एवढ्या लांब येतो-जातो, हे पाहायला फार वाईट वाटतं.

लसींची पहिली फेरी म्हणजे जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि काविळीची, मग दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिन्यांच्या लसी. साडेतीन महिन्यांची लस झाली की दुसऱ्या हप्त्याचा अर्ज भरायचा. बहुतेक मुली तोवर सासरी परतलेल्या असतात. अडीच महिन्यांची लस माहेरी, साडेतीनची सासरी, काही हरकत नाही, फक्त दोन्ही एकाच कार्डावर असाव्यात.

पात्रतेची काळजी करू नका. अनुसूचित जमातीचा दाखला असेल तर तो पुरेसा आहे. तो सापडत नसेल तर पिवळं किंवा अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड, किंवा आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, यांतलं कुठलंही एक चालतं. वय १८ वर्षं ७ महिने पूर्ण असावं. सरकारी नोकरीतल्या बायकांना ही योजना नाही. अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशाताई यांना मात्र आहे. दुसऱ्यांचे फॉर्म भरता भरता आपला राहून गेलेल्या आशाताई मला माहीत आहेत, म्हणून त्यांनाही इथेच सांगते की भरा.

अर्ज भरायला एक रुपयाही लागत नाही. पाचशे रुपयांत करून देतो म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका. फोनवरून ‘मातृवंदनेचे पैसे आलेत, ओटीपी सांगा’ असं म्हणणाऱ्यालाही नाही. ओटीपी द्यायचा तो फक्त समोर बसून फॉर्म भरणाऱ्या आशाताईंना किंवा सेविकाताईंना.

तुमच्या प्रश्नातली एक ओळ तुम्ही सहज लिहिली आहे, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली. तिसऱ्या महिन्यापर्यंत तुम्ही कामाला होतात. त्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याची वर्गणी, कापला जात होता का? पगाराची स्लिप असेल तर पाहा, नसेल तर ठेकेदाराकडून तुमचा विमा क्रमांक मागून घ्या. ईएसआयमध्ये विमाधारक बाईला बाळंतपणासाठी २६ आठवड्यांचा पूर्ण पगार मिळतो. अट अशी की लागोपाठच्या दोन अंशदान काळांत मिळून किमान ७० दिवसांचं अंशदान, म्हणजे ही वर्गणी, भरलेलं असावं. हे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे मोजतात, आणि तुमच्या बाळंतपणाला त्यातले कुठले दोन लागू होतात ते शाखा कार्यालयात सांगतील. काम सुटलं तरी आधीच्या अंशदानाच्या जोरावर हा हक्क शिल्लक राहू शकतो. समजा महिन्याला १२,००० पगार धरला, तर सहा महिन्यांचे ७२,००० होतात. तुम्ही पाच हजारांची चौकशी करताय आणि कदाचित बहात्तर हजार तुमच्या नावावर आहेत.

अंबड, सातपूर, सिन्नरच्या कारखान्यांत आणि पॅकिंगच्या शेडमध्ये हजारो पोरी ठेकेदाराकडे असतात आणि पोट दिसायला लागलं की त्यांना उद्यापासून येऊ नको म्हणतात. त्यांतल्या कितीजणींना हे कुणी सांगितलेलं असतं? कायदा सांगतो की गरोदर आहे म्हणून काढून टाकलं तरी तिचा प्रसूतीचा लाभ बुडत नाही. तेव्हा कार्डाचं काम झालं की ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन या, सोबत यजमानांना न्या. हा लाभ मिळाला तर मातृवंदना मिळणार नाही, कारण दुसऱ्या कायद्याने तसाच लाभ घेणाऱ्या बायका त्यातून वगळल्या आहेत. पण त्यात तुमचं नुकसान नाही. अंशदान भरलेलंच नसेल तर सरळ मातृवंदनेचा अर्ज. यजमानांचा ईएसआय असेल तर पगाराचा लाभ तुम्हाला मिळणार नाही, पण सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात त्यांच्या कार्डावर तुमचे उपचार होतात.

बाकीच्या रकमा लहान आहेत, तरी सोडू नका. जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत, त्यात सुरगाणा आणि पेठ आहेत, बुडित मजुरी म्हणून नवव्या महिन्यात २,००० आणि बाळंतपणानंतर २,००० देतात. ते तिथे राहून मजुरी करणाऱ्या बाईसाठी आहे. तुमचं घर नाशिकला असल्याने त्यावर विसंबून राहू नका, पण तिथल्या सिस्टरना एकदा विचारा. आणि शेवटच्या तीन महिन्यांत माहेरी असाल तर अंगणवाडीत अमृत आहार योजनेचं एक वेळचं गरम जेवण मिळतं का तेही बघा. ते २०१५ पासून आदिवासी भागात गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतर सहा महिने दिलं जातं. भाकरी, भात, डाळ, भाजी, अंडं. ताटात पडलेलं जेवण कुठल्या खात्यात अडकत नाही, म्हणून मला ही योजना फार आवडते.

सरकारी दवाखान्यात बाळंतपणाचा खर्च शून्य असला पाहिजे. सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या, तिथलं जेवण, घरून नेणारी आणि परत सोडणारी १०२ ची गाडी, हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहे. कुणी बाहेरून औषध आणायला लावलं तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून विचारा. कळा अवघड वाटल्या, रक्त जायला लागलं, झटके आले, तर १०२ ची वाट न पाहता १०८.

जाऊबाईंचं. मातृवंदनेत दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच पैसे आहेत, ६,००० रुपये एकरकमी, आणि अर्ज जन्मापासून २७० दिवसांत. मुलगा झाला तर काही नाही. मला हा नियम आजवर पटलेला नाही. दुसऱ्या खेपेची आई तितकीच उपाशी असते आणि वर तिच्या कडेवर एक मूल असतं. पण मुलगी झाल्यावर घरात आनंदाने पैसे यावेत हा त्यामागचा हेतू मी समजू शकते. मुलगा की मुलगी हे आधी बघण्याचा विषयच काढू नका, तो गुन्हा आहे. त्यांचीही गरोदरपणाची नोंदणी आणि तपासण्या आत्ताच करून घ्या, कारण बाळ झाल्यावर मागची नोंद कुणी करून देत नाही.

दीर गवंडीकाम करतात. बांधकाम कामगार मंडळात त्यांची नोंदणी आहे का? वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला देऊन ती होते, आणि चालू असेल तर बायकोच्या बाळंतपणाला साधी प्रसूती असल्यास १५,००० आणि सिझेरियन असल्यास २०,००० रुपये मंडळ देतं, दोन बाळांपर्यंत. नोंदणीचं नूतनीकरण राहिलेलं असतं आणि तिथेच अडतं. जाऊबाईंचे दिवस भरण्याआधी ते करून ठेवायला सांगा. शिवाय घरात पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल आणि मुलगी १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेली असेल, तर लेक लाडकी योजनेत जन्माला ५,००० आणि पुढे टप्प्याटप्प्याने मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत एकूण १,०१,००० रुपये आहेत. पहिल्या मुलीच्या वयाचा हिशेब करून बघा, तीही बसू शकेल. त्यात कुटुंबनियोजनाची अट आहे, ती अंगणवाडी सेविकांकडून नीट समजून घ्या.

रकमेबद्दल मनातलं सांगते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर बाईला किमान ६,००० रुपये देण्याचं मान्य केलं. पहिलटकरणीला मिळतात ५,०००, उरलेले जननी सुरक्षेतून मिळतील असं धरलेलं आहे, आणि आपल्याकडे तिथून येतात सहाशे-सातशे, तेही सगळ्यांना नाही. दहा वर्षांहून जास्त काळ उलटला, शेंगदाणे, तूरडाळ, अंडी यांचे भाव कुठल्या कुठे गेले, हा आकडा मात्र हललेला नाही. तो वाढला पाहिजे, असं मी प्रत्येक बैठकीत बोलत आले आणि निवृत्तीनंतरही बोलते. पण कमी आहे म्हणून सोडून द्यावा असा तो नाही. थिनिंगच्या, म्हणजे द्राक्षाच्या घडांतले मणी विरळ करायच्या, दिवसांत बागेत दिवसभर हात वर करून उभी राहणारी सात महिन्यांची गरोदर बाई याच पैशांवर काही दिवस घरी बसू शकते. मी तशा बसलेल्या पाहिल्या आहेत.

एक नाजूक गोष्टही लिहून ठेवते, कारण कुणीतरी वाचणारी त्यातून गेली असेल. गर्भपात झाला किंवा बाळ पोटातच गेलं, तर पुढच्या गरोदरपणात तुम्हाला नव्याने लाभार्थी धरतात. पहिला हप्ता घेतला होता म्हणून पुढच्या वेळी काही मिळणार नाही, असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही.

अर्ज भरल्यावर महिना-दीड महिन्यात काही हालचाल दिसली नाही तर आशाताईंना स्थिती बघायला सांगा. संगणकावर कारण दिसतं. नाव जुळत नाही, खातं जोडलेलं नाही, तारीख चुकली, असं काहीतरी असतं आणि दुरुस्त होतं. त्यांच्याकडून सुटलं नाही तर शहरात महापालिकेच्या आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि गावाकडे तालुका आरोग्य अधिकारी. तोंडी बोलू नका, साध्या कागदावर लिहून द्या आणि पोच घ्या.

शेवटी तुम्ही विचारलंय की पैसे आल्यावर घरात द्यावे लागतील का, सासूबाईंना काय सांगू. ताई, खातं तुमचं आहे, पैसे तुमच्या अंगाला लागण्यासाठी आहेत. पण वाद घालून हे पटत नाही, मला ठाऊक आहे. येत्या नऊ तारखेला आरोग्य केंद्रात जा. दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायकांची डॉक्टर मोफत तपासणी करतात. जाताना सासूबाईंना मुद्दाम बरोबर न्या. रक्त तपासतील तेव्हा त्यांना तुमच्या शेजारी बसवा आणि हिमोग्लोबिनचा आकडा सिस्टरना मोठ्याने सांगायला लावा. किती असायला हवं, किती आहे, रक्त कमी असलं तर बाळंतपणात काय होतं, हे तुमच्या तोंडून नको, सिस्टरच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. मी हे वर्षानुवर्षं केलं. नऊ ग्रॅम ऐकून गप्प झालेली सासू परतीच्या वाटेवर बाजारात थांबून सुनेसाठी गूळ, शेंगदाणे आणि डझनभर अंडी घेऊन घरी गेलेली मी स्वतः पाहिली आहे.